प्रकाशाचे माप : छायाचित्रण शिकताना



तुमच्या घरातील लग्नाची छायाचित्रे एकदा नीट पाहा. पांढऱ्या भिंतीसमोर मंडळी उभी आहेत, भिंतीवरची चुन्याची रेघन् रेघ दिसते आहे, पण चेहरे मात्र काळवंडलेले, असे एखादे छायाचित्र त्यांत हमखास सापडेल. ते भारी कॅमेऱ्याने काढलेले असो की साध्या मोबाइलने, दोष तोच असतो. असे का व्हावे? फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांना तर चेहरे स्वच्छ दिसत होते!

याचे कारण असे, की कॅमेऱ्याला माणूस, भिंत, झाड यांतले काही कळत नाही. हल्लीचे मोबाइल चेहरा ओळखण्याचा प्रयत्न करतात, पण तेही फसतात. कॅमेरा मुळात फक्त प्रकाश मोजतो. म्हणून छायाचित्रण शिकणे म्हणजे प्रथम प्रकाशाचे माप शिकणे, आणि हा धडा भौतिकशास्त्राचाच आहे.

लातूर जिल्ह्यातून नांदेडला बी.एस्सी. करायला आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने हा धडा दोन वर्षे चिकाटीने गिरवला. तिची वही तिच्या परवानगीने माझ्यासमोर आहे. तिला स्पर्धेत बक्षीस मिळवायचे नव्हते. तिला आपल्या आजीचे एक चांगले छायाचित्र हवे होते. तिचे घर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या भागातील दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली. तिच्या घरातील जुने फोटोही त्या मातीखाली गेले. आजोबांचे एकही छायाचित्र उरले नाही. आजी आता ऐंशीच्या घरात आहे. ‘पुन्हा कधीतरी काढू’ असे म्हणण्याची सवड तिथे नव्हती.

नळ आणि घागर

लातूरकरांना पाण्याचे माप समजावून सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, असे हे गाव. घागर भरायची असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात : नळ किती उघडला आहे आणि तो किती वेळ उघडा ठेवला आहे. नळ निम्मा उघडला तर वेळ दुप्पट लागतो. घागर तितकीच भरते.

कॅमेऱ्यातही हेच घडते. भिंगामागील छिद्र म्हणजे नळाचे तोंड. ते लहानमोठे करता येते. शटर किती वेळ उघडे राहते, हा झाला नळाचा वेळ. या दोहोंमुळे फिल्मवर किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर जेवढा प्रकाश पडतो, त्याला ‘उद्भासन’ म्हणतात. फिल्ममध्ये प्रकाशाने सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांत सूक्ष्म बदल होतो. संवेदकात सिलिकॉनच्या लक्षावधी छोट्या घागरी असतात आणि प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन त्यांत साठतात. घागर काठोकाठ भरून वाहू लागली, की पुढचे पाणी मोजता येत नाही. छायाचित्रातील आकाश कोरे पांढरे येते ते यामुळेच.

घागरीचा आकार ही तिसरी गोष्ट. लहान घागर लवकर भरते. ‘आयएसओ’ हा अंक तेच सांगतो. आयएसओ १०० ऐवजी २०० घेतला, तर निम्म्या प्रकाशात काम भागते. पण प्रकाश कमी साठवल्याने चित्र रवाळ दिसते.

एफ-अंकांचे कोडे

भिंगाच्या कड्यावर १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे अंक असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा क्रम विचित्र वाटतो. आमच्या विद्यार्थिनीने वहीच्या पहिल्याच पानावर ‘हे अंक असेच का?’ असा प्रश्न लिहून ठेवला होता.

भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले, की एफ-अंक मिळतो. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असते, तर एफ/२.८ वर सुमारे १८ मिलिमीटरचे. आता दोन्ही वर्तुळांचे क्षेत्रफळ काढा. पहिले सुमारे ४९१ चौरस मिलिमीटर येईल आणि दुसरे सुमारे २५०, म्हणजे जवळजवळ निम्मे! क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून प्रकाश निम्मा करायचा तर व्यासाला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने भागावे लागते. कड्यावरील प्रत्येक अंक मागच्या अंकाच्या सुमारे १.४ पट आहे, याचे कारण हेच. एक पायरी सरकलो, की प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो. अंक जितका मोठा तितके छिद्र लहान, हेही लक्षात ठेवा.

जुने छायाचित्रकार एक सोपा नियम पाठ करीत. निरभ्र आकाशातील भर उन्हात एफ/१६ ठेवावा आणि आयएसओ १०० असेल तर शटर सुमारे १/१०० सेकंद ठेवावे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हा नियम ताडून पाहायला दिवसांची कमतरता नाही!

डब्याचा कॅमेरा

तुम्ही शाळेत शिकलेला सूचिछिद्र प्रतिमाग्राहक आठवतो ना? त्याला भिंग नसते, तरी त्याने खरेखुरे छायाचित्र काढता येते. आमच्या विद्यार्थिनीचा पहिला कॅमेरा हाच होता : आतून काळा रंगवलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा, छिद्राच्या जागी अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला सुईने पाडलेले भोक, आणि समोरच्या बाजूस आत चिकटवलेला ब्रोमाइड कागद.

भोक केवढे असावे? फार मोठे असेल तर प्रतिमा अस्पष्ट होते. फार लहान असेल तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे ती पुन्हा पसरते. डब्याची खोली १५ सेंटिमीटर असेल, तर सुमारे अर्धा मिलिमीटर व्यास योग्य ठरतो. आता गणित करा. १५० मिलिमीटर भागिले ०.५ मिलिमीटर म्हणजे एफ/३००. एफ/१६ च्या तुलनेत हा प्रकाश (३०० ÷ १६) च्या वर्गाइतक्या पटीने, म्हणजे सुमारे ३५० पट कमी. ब्रोमाइड कागदाची संवेदनशीलता आयएसओ ६ च्या आसपास धरली, तर भर उन्हात एफ/१६ वर १/६ सेकंद लागेल. त्याची ३५० पट म्हणजे ५८ सेकंद.

म्हणजे जवळजवळ एक मिनिट. तिने अर्धा मिनिट, एक मिनिट आणि दोन मिनिटे अशी तीन चित्रे घेतली. एक मिनिटाचे सर्वांत चांगले आले. तिने वहीत त्या आकड्याभोवती चौकट आखली आहे. कागदावर आकडेमोड करून काढलेले उत्तर तांबड्या दिव्याच्या उजेडात डोळ्यांसमोर उमटताना पाहणे, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी घ्यावा.

सहस्रकुंडाचे पाणी

एफ/८ व १/१२५ सेकंद आणि एफ/१६ व १/३० सेकंद यांत प्रकाश जवळपास सारखाच पडतो. मग निवड कशी करायची? इथे माप संपते आणि विचार सुरू होतो.

नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. समजा, पाण्याचा थेंब १० मीटर खाली पडला. त्या वेळी त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो. १/५०० सेकंदात तो २.८ सेंटिमीटर सरकतो, म्हणून दुरून घेतलेल्या चित्रात थेंब जागच्या जागी थिजलेले दिसतात. १/४ सेकंदात तोच थेंब ३.५ मीटर जातो आणि चित्रात पाण्याचे पांढरे वस्त्र पसरल्यासारखे दिसते. दोन्ही चित्रे खरी आहेत. कोणते सत्य दाखवायचे ते तुम्ही ठरवायचे. (पावसाळ्यात तिथे पाणी अचानक वाढते. चित्र दुरूनच घ्यावे.)

खरोशाच्या लेण्यांत उलट अडचण आली. बाहेरच्या उन्हापेक्षा आतील प्रकाश हजार पट कमी होता असे धरा. हजार पट म्हणजे प्रत्येक वेळी निम्म्याने उतरणाऱ्या दहा पायऱ्या. बाहेर एफ/१६ वर १/१२५ सेकंद पुरत असेल, तर आत ८ सेकंद लागतील. छिद्र एफ/४ इतके मोठे केले तरी अर्धा सेकंद लागेलच. इतका वेळ हात स्थिर राहत नाही. तिने कॅमेरा दगडावर ठेवला, श्वास रोखला आणि काम साधले.

आधीचे विद्यार्थी

हा खटाटोप नवा नाही. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. पुढे १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी पुढे नामांकित छायाचित्रकार झाले.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता ते छायाचित्रणाकडे वळले. त्या पिढीत काचेच्या पट्ट्या वापरीत. ओल्या पट्टीची पद्धत असेल, तर पट्टी वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. आपल्याकडील वैशाखात किती घाई करावी लागत असेल, कल्पना करा! मापात चूक झाली तर सगळी मेहनत वाया. म्हणून डोळ्यांनी प्रकाश जोखण्याची सवय त्यांना लावून घ्यावीच लागे.

कॅमेऱ्याचा समज

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची रचना अशी असते, की समोरचे दृश्य सरासरीने ‘मध्यम करडे’, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे आहे, असे तो गृहीत धरतो. बहुतेक दृश्यांना हे लागू पडते. पण चुन्याची भिंत कितीतरी जास्त प्रकाश परत पाठवते. मापक समजतो, ‘प्रकाश फार आहे,’ आणि उद्भासन कमी करतो. भिंत करडी होते आणि चेहरे काळे पडतात.

आमच्या विद्यार्थिनीने याची नांदेडलाच परीक्षा घेतली. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या पांढऱ्या भिंती दुपारच्या उन्हात करड्या आल्या. शहराबाहेरची नांगरलेली काळी जमीन त्याच दिवशी फिकट, धुळकट आली. एका ठिकाणी दीड पायरी प्रकाश वाढवायला हवा होता, दुसऱ्या ठिकाणी तितकाच कमी करायला हवा होता. पांढऱ्याला वाढव, काळ्याला घटव, हा उलटा वाटणारा नियम तिने तेव्हा लिहून ठेवला.

यावर एक युक्ती आहे. ज्या उजेडात माणूस बसला आहे, त्याच उजेडात आपला तळहात धरावा आणि मापकाने तोच मोजावा. तळहाताचा रंग माणसामाणसांत चेहऱ्याइतका बदलत नाही. तो मध्यम करड्याहून साधारण एक पायरी उजळ असतो. म्हणून मापक सांगेल त्यापेक्षा एक पायरी जास्त प्रकाश द्यावा.

आजीचे छायाचित्र

पहिल्या प्रयत्नात तिने आजीला भरदुपारी ओट्यावर, नव्या घराच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसवले होते. भिंत आली, आजीचा सावळा चेहरा गेला. दुसऱ्या खेपेस तिने सकाळची वेळ निवडली. आजी उंबरठ्याच्या आत, अंगणाकडे तोंड करून बसली. अंगणातून परावर्तित झालेला मऊ उजेड चेहऱ्यावर एका बाजूने येत होता आणि मागे घरातील अंधार होता. आता धोका उलटा होता : मागच्या अंधारामुळे मापक चेहरा पांढराफटक करून टाकणार. तिने सरासरीवर विश्वास ठेवला नाही. तळहात मोजला. आयएसओ ४०० आणि एफ/४ वर मापकाने १/१२५ सेकंद सांगितले. तिने १/६० दिले.

चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती आली, कपाळावरचे गोंदण आले, आणि अंधारही अंधारच राहिला. तिने त्या चित्राच्या दोन प्रती कागदावर छापून घेतल्या. एक औशाच्या घरी आहे, दुसरी नांदेडला मामांकडे. दोन प्रती एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, हे त्या घराला १९९३ ने शिकवले आहे.

करून पाहा

१. ब्रोमाइड कागद मिळाला नाही, तर डब्याच्या मागील बाजूला बटर पेपर लावा. उलटी प्रतिमा दिसेल. भोक मोठे करीत जा आणि प्रतिमेची स्पष्टता व उजळपणा यांची नोंद करा.

२. मोबाइलच्या पडद्यावर प्रथम पांढऱ्या भिंतीवर, मग काळ्या पाटीवर बोट टेकवून एकाच जागेची दोन चित्रे घ्या. फरक का पडला ते लिहा.

३. दादासाहेब फाळके हे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले होते. त्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक वेळाने एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखवली. तुम्ही भिजवलेल्या हरभऱ्यावर हा प्रयोग करा. मोबाइल एका जागी पक्का बसवा आणि दर तासाला एक चित्र घ्या. खिडकीतील उजेड दिवसभर बदलतो, म्हणून खोली बंद करून एकच दिवा वापरा.

४. घरातील सर्वांत वयस्कर माणसाचे छायाचित्र तळहाताच्या युक्तीने घ्या. वेळ, उजेडाची दिशा, एफ-अंक आणि शटर यांची वहीत नोंद ठेवा. मोबाइलमध्ये हे आकडे चित्राच्या तपशिलात मिळतात.

शिक्षकांसाठी : ब्रोमाइड कागद धुण्याची रसायने शिक्षकांनी स्वतः हाताळावीत. हातमोजे घालावेत, खोलीत हवा खेळती ठेवावी आणि स्वयंपाकाची भांडी या कामासाठी मुळीच वापरू नयेत. पन्नास मिनिटांच्या एका तासिकेत दोन गटांची चित्रे धुऊन होतात. उन्हाचा एक मिनिट मोजताना घड्याळ मात्र विद्यार्थ्यांच्याच हाती द्यावे.