चिलखत आतून बांधायला घ्या

चिलखत बनवायला बसलेली पोरं सगळ्यात आधी हेल्मेट करतात. सिनेमातल्या पात्राची ओळख त्यातच असते, आणि पुठ्ठ्याचं का होईना, ते डोक्यावर चढलं की पोरांचा उत्साह दुप्पट होतो. मग छाती, मग खांदे, मग हातपाय. आत जो उभा राहणार आहे त्याचा विचार राहिलाच तर शेवटी. मी शहापुरात वर्षानुवर्षं गणपतीची मखरं आणि देखावे करत आलो. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आम्ही पुठ्ठा आणि फोमच्या शीटकडे वळलो. ते फोम बघून आळीतली पोरं रोबो, अंतराळातले सैनिक, लोखंडी सूट असलं काही करायला माझ्याकडे येऊ लागली. त्यांच्याबरोबर काम करून माझं एक मत पक्कं झालं आहे. आधी श्वास, मग उकाडा, मग ते झटकन उतरवण्याची सोय, दिसणं त्यानंतर.

हे मत मला एका संध्याकाळी पटलं. तालुक्यातल्या एका मंडळाने जिवंत देखावा केला होता. परग्रहावरून चालून आलेले सैनिक आणि त्यांना अडवणारा बाप्पा, अशी कल्पना. मी तिथे दिव्यांच्या कामाला होतो. एका सैनिकाच्या चिलखतात बारावीतला मुलगा होता. बाहेरून काम खरोखर देखणं: चंदेरी रंग, छातीत निळा दिवा, खांद्यावर खिळ्यांच्या माथ्यासारखे उठाव. पाठीवरचा उभा सांधा मात्र पोरांनी खाकी पॅकिंग टेपने बंद केला होता, आणि टेप दिसू नये म्हणून वरून रंगाचा फवारा मारला होता. गोंद आदल्या रात्री लावलेला. भाद्रपदातली दमट हवा, समोर दोन हॅलोजन, शेजारी ढोल. पोरगा आतून ओरडत होता ते कुणालाच ऐकू आलं नाही. त्याने हात हलवले तर लोकांना वाटलं अभिनय चाललाय, टाळ्या पडल्या. मग तो गुडघ्यावर बसला आणि उठेना.

हेल्मेट ओढून काढायला गेलो तर ते गळ्याच्या पट्टीला चिकटवलेलं. टेपचं टोक नखाला लागेना, कारण वर रंग बसला होता. शेवटी एका रिक्षावाल्याने ब्लेड आणून दिलं. टेपखाली दोन बोटं घालून, ब्लेड बोटांच्या वर ठेवून, मी पाठ वरपासून खालपर्यंत चिरत नेली. आतला शर्ट पिळावा इतका भिजलेला, आणि चिलखत उघडताच चपलेच्या गोंदाचा भपकारा अंगावर आला. रात्रभर दवाखान्यात राहून पोरगा बरा झाला. पुढच्या वर्षी तोच माझ्या दारात उभा. म्हणाला, "काका, परत करायचंय. या वेळी तुम्ही बसा माझ्याबरोबर." बसलो.

आधी हे समजून घ्यायला हवं की अंग थंड होतं ते घाम सुकल्यामुळे, नुसतं घाम आल्यामुळे नाही. फोमच्या शीटमध्ये हवेचे बंद कप्पे असतात. त्यातून वाफ बाहेर जात नाही. म्हणजे चिलखतात घाम येतच राहतो आणि सुकत नाही, ताप आतच साठतो. शहापूर-मुरबाडकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी गाठतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण भाद्रपदात पारा कमी असूनही हवा ओलीगच्च असते, आणि अशा हवेत घाम उघड्या अंगावरही लवकर सुकत नाही. म्हणून गणपतीतला वेश उन्हाळ्यातल्याइतकाच जपून घालायचा.

असा त्रास आपल्याकडच्या पोरांनाच झालाय असंही नाही. १९३९च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या सिनेमात पत्र्याच्या माणसाची भूमिका आधी बडी एब्सन करणार होता. त्याच्या चेहऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमची पूड लावत. ती श्वासातून फुप्फुसात गेली, त्याला इस्पितळात ठेवावं लागलं आणि भूमिका जॅक हेलीकडे गेली. हेलीसाठी पुडीऐवजी लेप वापरला. 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या भागाचं चित्रीकरण १९७६ मध्ये ट्युनिशियात सुरू झालं, तेव्हा सोनेरी यंत्रमानव झालेल्या अँथनी डॅनियल्सच्या डाव्या पायाचा तुकडा पहिल्याच दिवशी फुटून त्याच्या पावलात घुसला. ज्यांच्याकडे पैसा होता, कारागीर होते, त्यांच्याकडेही हे घडलं. आपण तर पडवीत काम करतो.

उलट आपल्या भागात वेश अंगावर वागवण्याची समज जुनी आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. मुखवटा बांधण्याआधी डोक्याला आणि तोंडाला फडकं गुंडाळलेलं असतं. त्यामुळे कडा टोचत नाहीत, घाम टिपला जातो आणि वजन डोक्यावर सारखं बसतं. मी पाहिलेल्या बोहाड्यात सोंगाबरोबर एक माणूस चालायचा, आणि एक सोंग गेलं की दुसरं यायचं. सारी रात्र एकाच्याच अंगावर नसते. आमच्या दुसऱ्या चिलखताची आखणी मी पोरांना याच दोन गोष्टींवरून करायला लावली: डोक्याला सुती फडकं, आणि बरोबर एक सांगाती.

मापापासून सुरुवात केली. मुलाला जुना टी-शर्ट घालायला दिला, त्यावरून चिकटपट्टी गुंडाळली, छाती-पोट-बरगड्यांच्या रेषा पेनाने आखल्या आणि पाठीवरून कापून ते कवच उतरवलं. सपाट केलं की नमुना तयार. पण माप उभ्यानेच घेऊ नका. बसवा, वाकवा, हात डोक्यावर न्यायला सांगा, उकिडवं बसायला सांगा. काखेत आणि कमरेत चिलखत अडतं ते तिथेच कळतं. इंटरनेटवर जपानी पेपाकुरा प्रोग्रॅमचे तयार कागदी नमुने मिळतात, तेही चालतात. मात्र ते दुसऱ्याच कुणाच्या अंगाचे असतात, म्हणून आधी पुठ्ठ्यावर कापून अंगाला लावून बघायचे. पुठ्ठा वाया गेला तर रद्दी जाते, फोम वाया गेला तर पैसे.

फोम म्हणजे ईव्हीए शीट, चपलांच्या तळव्याला असते तीच. मुंबईत चेंबूरजवळच्या ठक्करबाप्पा कॉलनीसारख्या चप्पल-बुटांच्या वस्त्या आहेत; चपलेचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत ही शीट हव्या त्या जाडीत मिळते. छाती-पाठीला १० मिलिमीटर, हातापायांना ६, वरच्या नक्षीला २ ते ४. कटरचं पातं नवं असू द्या. बोथट पातं फोम फाडतं आणि जोर लावताना बोटावर येतं. आकार देण्यासाठी हीट गन फिरवायची. पृष्ठभागाला हलकी चकाकी आली की थांबायचं आणि गुडघ्यावर दाबून वळवायचं. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फोम जळतोय असं समजा. गन बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर जा.

गोंदाबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण धोका दिसत नाही तो इथे. चपलेचा पिवळा गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मग जोडायचा असतो. त्यातला द्रव उडतो त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि सहज पेट घेते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. आपल्या घरांत जमिनीलगत काय असतं? देवघरातली समई, चूल, गॅसची शेगडी. म्हणून हे काम ओटीवर किंवा अंगणात, आणि समई विझल्यावर. माळ्यावर, दार लावून, रात्री जागून हे करणारी पोरं मी पाहिली आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं ठणकत असतं आणि ती म्हणतात जागरणाने. तोंडाला रुमाल बांधून किंवा एन-९५ लावून ही वाफ अडत नाही. ते मास्क घासताना उडणाऱ्या धुळीसाठी. वाफेसाठी कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो, रंगकाम करणाऱ्यांच्या दुकानात मिळतो. पावसाळ्यात गोंदावर दमट हवेमुळे पांढरी साय धरते आणि सांधा सुटतो, तेव्हा कोरडा दिवस बघा. आणि जोडून झालं की चिलखत लगेच चढवू नका. वास पूर्ण जाईपर्यंत वाऱ्यावर टांगून ठेवा. त्या मुलाच्या चिलखतात हेच झालं नव्हतं. मखरवाल्यांसाठी एक टीप: हा गोंद थर्माकोल खातो, म्हणून जुने तुकडे आत भराव म्हणून घालायला जाऊ नका.

फायबरचं म्हणाल तर माझा सरळ विरोध आहे. घट्ट करणारं रसायन डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. तेच रसायन कोबाल्टच्या द्रवात थेट मिसळलं तर स्फोट होऊ शकतो. वर घासताना काचेची धूळ उडते. मूर्तिकार आणि होडीवाले ते करतात, त्यांचा तो धंदा आहे. घरात पोरांनी करायचं काम नाही.

रंगाआधी फोमची छिद्रं बुजवायला पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून हात द्यायचे, एक सुकला की दुसरा. साधा फेविकॉल पावसात मऊ पडतो. मिरवणुकीचा वेश असेल तर पाण्याला टिकणारा घ्या. दिव्यांना मोबाइलची चांगली पॉवर बँक पुरते. ती छातीवर नको, कमरेला, हाताला लागेल अशी. जुन्या लॅपटॉपमधले सुटे सेल जोडून घामाच्या अंगावर बांधू नका, ते पेटतात.

आता सांधे. आम्ही दप्तराला असते तसली दाबून सुटणारी क्लिप दोन्ही बरगड्यांशी लावली आणि छाती-पाठ वेगवेगळी ठेवली. हेल्मेट गळ्याला कुठेच जोडलं नाही, नुसतं टेकवलं. हनुवटीखालून हवा यायला जागा सोडली, मागे कॉम्प्युटरमधला छोटा पंखा बसवला, बाहेरची हवा आत ओढेल असा. डोळ्यांसमोरची काच वरच्या कडेला थोडी उघडी ठेवली, नाहीतर ती श्वासाने धुरकट होते. मग परीक्षा घेतली. मित्राने डोळे मिटून, नुसत्या हाताने चाचपून, सगळं चिलखत उतरवायचं, एका मिनिटाच्या आत. जमेना तोवर क्लिपांच्या जागा बदलत राहिलो. रंग त्यानंतर लावला. दिसायला ते पहिल्यापेक्षा किंचित साधं झालं. बरगड्यांशी दोन क्लिपा दिसत. कुणीही त्याबद्दल बोललं नाही.

अंगावर पातळ सुती कपडे, डोक्याला फडकं. २० मिनिटं उभं राहायचं, मग हेल्मेट काढून सावलीत, ओआरएस किंवा लिंबू-साखर-मीठ पाणी. बोलता येत नसेल तर खूण आधी ठरवा: आमची मूठ छातीवर दोनदा. सांगात्याने फक्त त्याच्याकडे बघायचं, फोटो काढत बसायचं नाही. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं यांतलं काही झालं की चिलखत उतरलंच पाहिजे. असंबद्ध बोलू लागला किंवा शुद्ध हरपली तर अंगावर पाणी ओता, वारा घाला, तोंडात काही घालू नका आणि १०८ला फोन करा.

मुंबईला कॉमिक कॉनला जायचं असेल तर आसनगाव लोकलमध्ये चिलखत चढवून बसू नका. तुकडे गोणीत भरून न्या आणि तिथे चढवा. खोट्या बंदुकीला भडक रंगाचं टोक लावा आणि ती पिशवीबाहेर काढू नका.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. या वर्षी जिवंत देखाव्यात कुणाला असा वेश चढवणार असाल तर आरतीआधी एकदा तुमच्या समोर तो उतरवून दाखवायला सांगा. एका मिनिटात उतरला नाही तर त्या मुलाला उभं करू नका, चिलखत नुसतं खांबाला अडकवून ठेवा.