शस्त्रक्रियेनंतरची वाटचाल

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया हा उपचारांचा शेवट नसून आरंभ आहे, हे आम्ही रुग्णांना आवर्जून सांगतो. ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो. भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होत असल्याने भूकही मंदावते. पहिल्या १२ ते १८ महिन्यांत वजन झपाट्याने उतरते. पुढे ते स्थिरावते आणि अनेकांचे काही किलोंनी पुन्हा वाढते. शरीर कमी ऊर्जेत भागवू लागते, भूक हळूहळू परतते, आणि गोड चहा, फरसाण, आइस्क्रीम लहान जठरातही सहज सामावते. हा रुग्णाच्या मनोनिग्रहाचा पराभव नव्हे. मात्र नेमक्या याच वेळी संकोचापोटी काही जण तपासणीस येणे थांबवितात, ही आमची खरी चिंता आहे.

जेवणात प्रथम डाळ, अंडी, पनीर असे प्रथिनयुक्त पदार्थ घ्यावेत, जेवणानंतर अर्धा तास पाणी टाळावे, नियमित चालावे. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने आजन्म घ्याव्यात. कुटुंबीयांनी सणासुदीला पानावर आग्रह करू नये. शस्त्रक्रिया एकदाच होते, तपासण्या मात्र वर्षानुवर्षे चालतात. दात्यांनी त्यांनाही हातभार लावावा, ही नम्र विनंती. वजन पुन्हा वाढलेल्या रुग्णाने निःसंकोच यावे. त्याला कोणीही दोष देणार नाही.