फळीवरचे कल्याण जंक्शन : छोट्या जागेत रेल्वेचे मॉडेल कसे आखावे?



आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना रेल्वे शिकवावी लागत नाही. 16 एप्रिल 1853 ला पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली आणि 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले, हे त्यांना पाठ असते. मग घरात एखादा खेळण्यातला ट्रेनचा सेट येतो, दोन दिवस गोल गोल फिरतो आणि माळ्यावर जातो. आमच्याही घरी तेच झाले. पुढे मोठ्या हौसेने मी मोठी फळी आणली, तर ती पलंगाखाली जाईना. चूक एकच, मोजले नव्हते. म्हणून हा पाठ विकत घेण्याचा नाही, आधी आखण्याचा आहे.

1. आधी गणित

मॉडेल रेल्वेची दोन मापे जास्त चालतात. एचओ म्हणजे 1:87 आणि एन म्हणजे 1:160. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे आधी मुलांना नेऊन आणा, प्रमाण म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते.

आता मुलांना विचारा: लोकलचा डबा साधारण 21 मीटर लांब, तर 12 डब्यांची लोकल फळीवर किती लांब होईल?

- एचओमध्ये डबा 24 सेमी, गाडी जवळजवळ 2.9 मीटर!
- एनमध्ये डबा 13 सेमी, गाडी सुमारे 1.6 मीटर.

म्हणजे वन बीएचकेमध्ये अख्खी लोकल मावणारच नाही. निराश होऊ नका, इथेच खरे शिक्षण सुरू होते. काय ठेवायचे, काय सोडायचे? आपण एन माप घेऊ आणि तीनच डबे ठेवू, म्हणजे 39 सेमी. सहावीच्या गुणोत्तर-प्रमाणाला याहून चांगले उदाहरण कुठले?

2. एकच जागा निवडा

ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण सगळे हवे असे मुले म्हणतात. एकच घ्या. मी कल्याण सुचवतो, कारण तिथे रूळ फुटतात.

फळी 120 × 60 सेमी. तिच्यावर 25 सेमी त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे, मध्ये 60 सेमी सरळ रूळ. मागच्या काठाला 3 आणि पुढच्या काठाला 7 सेमी जागा सोडा. पुढच्या सरळ भागात 45 सेमीचा फलाट आणि उरलेल्या 15 सेमीत सांधा, म्हणजे रेल्वेवाल्यांचा पॉइंट. गाडी उजवीकडून डावीकडे न्या आणि सांधा डावीकडे फुटणारा घ्या. सरळ जाणारी गाडी गोलात वळते, ती कर्जतची. फुटणारा रूळ पुढच्या काठाने कोपऱ्यात जाऊन थांबतो, तो कसारा. तिथे दोन डबे उभे राहतात. ठाण्याकडून येताना खरा कसारा मार्गही डावीकडेच जातो, हे नकाशात दाखवा.

मागच्या बाजूला पारसिकचा बोगदा करा. खरा बोगदा सुमारे 1.3 किमी, आपल्या मापात 8 मीटर! आपण 30 सेमीचा करू. कागदाचा लगदा आणि पुठ्ठा पुरतो. मागची बाजू मात्र उघडी ठेवा, आत गाडी घसरली तर हात गेला पाहिजे.

3. खरेदीच्या आधी चाचणी

दोन कार्डशीट जोडून त्यावर आराखडा खऱ्या मापात काढा. 13 × 2.3 सेमीचा पुठ्ठ्याचा डबा कापून वळणावरून सरकवा. डब्याचे कोपरे बाहेर आणि पोट आत जाते, हे मुलांना स्वतः दिसेल. म्हणून फलाट वळणावर नको आणि वळणाजवळ खांब नको. चढउतारही पहिल्या वेळी नको.

शाळेत पैसे नसतील तर इथेच थांबा. कागदावरचा हा आराखडाही पूर्ण पाठ आहे.

4. एक गोष्ट सोडू नका

जागा वाचवायला मुले पहिल्यांदा पादचारी पूल काढून टाकतात. वर्गात एकाने माझ्या आराखड्यात पूल नसल्याचे दाखवले, तेव्हा दुसरा सहज म्हणाला, “राहू द्या सर, आम्ही तर रूळ ओलांडूनच जातो.” वर्ग हसला, मला हसू आले नाही. आपल्या पट्ट्यात हे किती घरांना महाग पडले आहे, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून माझा नियम आहे. डबे कमी करा, बोगदा लहान करा, पण पूल हवाच. पूल बांधताना मुलांशी त्यावर बोला. उपदेश करू नका, “तुझी माणसे फलाट कसा बदलतील?” एवढेच विचारा.

करून बघा. सुरुवात पलंगाखालची जागा मोजण्यापासून करा, आणि टेप मुलांच्या हातात द्या.