थोर ग्रंथ व कोवळें वय

"हे जुने, कठीण ग्रंथ मुलांना या वयांत कशाला?" असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार करितात. मुलें तोच प्रश्न जांभईनें करितात. प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

ग्रंथाचा कठीणपणा दोन प्रकारचा असतो: एक शब्दांचा व दुसरा आशयाचा. दोहोंवर औषध निराळें आहे.

शब्दांच्या कठीणपणाचें उदाहरण म्हणजे मोरोपंतांची (१७२९–१७९४) 'केकावली'. पहिल्याच तासाला समास सोडवावयास घेतले कीं वर्ग पेंगूं लागतो. ही चूक आम्हींही पुष्कळ वर्षें केली. आतां आम्ही अर्थ न सांगतां प्रथम श्लोक मोठ्यानें म्हणवून घेतों. पृथ्वी वृत्ताच्या चरणांत सतरा अक्षरें. आठांवर क्षणभर थांबावें, मग उरलेलीं नऊ म्हणावीं. चाल कानांत बसली म्हणजे सांगावें कीं, 'केका' हा मोराचा टाहो, आणि 'मयूर' हें कवीनें स्वतःस घेतलेलें नांव. मोर मेघाला हांक मारितो, तसा हा कवि देवाला हांक मारीत आहे. एवढें कळल्यावर मुलें समासांचा अर्थ आपण होऊन विचारूं लागतात.

आशयाचा कठीणपणा अधिक नाजूक असतो. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० सालीं निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत यमू आपली कहाणी आपणच सांगते: लहानपणीं लग्न, पतीनें प्रेमानें शिकविलेलें वाचन, अकालीं आलेलें वैधव्य व बळजबरीनें झालेलें केशवपन. एक पालक आमच्याकडे येऊन म्हणाले, "गुरुजी, एवढें दुःख माझ्या मुलीनें आतांच कां वाचावें?" त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, काळजी होती. आम्ही म्हणालों, "यमू तरी तेव्हां किती मोठी होती? जें मुलींना सोसावें लागलें, तें वाचावयास मुली लहान कशा?" त्यांनीं पुस्तक घरीं नेलें. पुढें बापलेक तें आळीपाळीनें मोठ्यानें वाचूं लागलीं, असें मुलीनेंच आम्हांस सांगितलें.

त्या काळजींत तथ्य होतें, हें आम्ही कबूल करितों. असें पुस्तक मुलाच्या हातीं देऊन त्याला एकटें सोडणें व वर परीक्षेंत त्याचे गुण मोजणें, हें खरोखर अयोग्य आहे. ज्या ग्रंथाविषयीं मुलाशीं मोकळेपणानें बोलण्याची आमची तयारी नसेल, तो आम्हीं नेमूं नये. आमच्या मतें वयापेक्षां सोबतीचा प्रश्न मोठा आहे.

शुभवर्तमानांत बारा वर्षांचा येशू मंदिरांत गुरूंमध्यें बसून ऐकत व प्रश्न विचारीत असल्याचें वर्णन आहे. त्याला लहान म्हणून कोणीं उठवून लाविलें नाहीं. मात्र ऐकून घेणारे वडील माणसें तेथें होतीं. पालकहो, रात्रीं जेवणानंतर पाव घटका तशी बैठक आपल्या घरीं बसवा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, जी ओळ कळणार नाहीं तिच्याखालीं पेन्सिलीनें बारीक रेघ ओढा व पुस्तक जपून ठेवा. पांच वर्षांनीं तें पुन्हां उघडा. कांहीं रेघा तेव्हां तुम्हांस पुसून टाकाव्या लागतील.