अलगीकरण : कर्तव्याचाच एक भाग

पालिका कर्मचाऱ्यांचा प्रवास, कामाचे ठिकाण आणि घर यांविषयी कुटुंबांसाठी माहिती

साथीच्या काळात शहर थांबले तरी नगरपालिकेचे काम थांबत नाही. कचरा उचलावा लागतो, गटारे मोकळी ठेवावी लागतात, रुग्णांच्या घरी भेट द्यावी लागते. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील यंत्रांचा आवाज थांबला. परंतु तत्कालीन बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेचे सफाई कर्मचारी (ज्यांना तेथे ‘पौरकार्मिक’ म्हणतात), आरोग्य निरीक्षक आणि वाहनचालक यांचे काम चालूच राहिले. इतरांना घरी राहण्यास सांगणाऱ्यांनाच रोज घराबाहेर पडावे लागे, आणि संध्याकाळी ते आपापल्या कुटुंबात परतत.

अशा कर्मचाऱ्याने प्रवास कसा करावा, कोणत्या संपर्कानंतर घरी थांबावे आणि त्या दिवसांच्या वेतनाचे काय, हे प्रश्न त्याच्या एकट्याचे नसतात. ते त्याच्या घराचेही असतात. कोविड-19 साठी काढलेले बहुतेक आदेश आता लागू नाहीत. मात्र त्यांमागील तत्त्वे पुढील कोणत्याही साथीत उपयोगी पडतील. म्हणून ती येथे दिली आहेत.

दोन शब्दांतील फरक

‘विलगीकरण’ हे आजारी किंवा बाधित व्यक्तीचे असते. ‘अलगीकरण’, म्हणजेच क्वारंटाइन, हे बाधिताच्या संपर्कात आलेल्या, परंतु अद्याप निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीचे असते. अलगीकरणातील माणूस रुग्ण नसतो आणि गुन्हेगार तर मुळीच नसतो. संसर्ग झाला असल्यास तो पुढे जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

कोविड-19 मध्ये संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास साधारणतः 2 ते 14 दिवस लागत, आणि लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे दोन दिवस आधीपासून व्यक्ती संसर्ग पसरवू शकत असे. त्यामुळे 14 दिवसांची मुदत ठरविण्यात आली. तिसऱ्या दिवशी केलेली चाचणी निर्दोष आली म्हणून मुदत संपत नाही, कारण त्या वेळी विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढलेला नसेलही. निराळ्या रोगाची मुदत निराळी असेल. ती आरोग्य विभागाकडूनच समजून घ्यावी.

कोणता संपर्क धोक्याचा?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे 2020 मध्ये कामाच्या ठिकाणांसाठी दिलेल्या सूचनांत संपर्काचे दोन प्रकार केले होते.

1. अधिक जोखमीचा संपर्क : बाधिताच्या घरात राहणे, संरक्षणाशिवाय त्याच्यापासून 1 मीटरच्या आत येणे, त्याच्या शरीराला किंवा स्रावांना स्पर्श होणे, लक्षणे असलेल्या बाधिताच्या जवळ बसून 6 तासांहून अधिक प्रवास करणे. अशा व्यक्तीने 14 दिवस अलगीकरणात राहावयाचे होते.

2. कमी जोखमीचा संपर्क : एकाच खोलीत किंवा वाहनात असूनही वरीलप्रमाणे निकट संबंध न आलेला. अशा व्यक्तीने काम चालू ठेवून 14 दिवस प्रकृतीवर लक्ष ठेवावयाचे होते.

पुण्याहून बेंगळुरूपर्यंतचा रात्रभराचा बसप्रवास 6 तासांची मर्यादा सहज ओलांडतो. वॉर्ड कार्यालयाच्या दाराशी झालेली ओझरती भेट मात्र या प्रकारात येत नाही. फरक तपशिलात असतो; म्हणून कोठे बसलो, किती वेळ बसलो, मुखपट्टी होती की नव्हती, हे आठवून सांगावे.

कार्यालय आणि वाहन

प्रतिबंधित क्षेत्रात राहणाऱ्या कर्मचाऱ्याने वरिष्ठांना कळवून घरी थांबावे, त्यास घरून काम करण्याची परवानगी द्यावी आणि तो काळ रजेत मोजू नये, असे कार्यालयांसाठीच्या जून 2020 च्या सूचनांत स्पष्ट होते. अशा क्षेत्रात राहणाऱ्या चालकास वाहन चालवू देऊ नये आणि वाहनाचा आतील भाग, सुकाणू, दारांच्या मुठी व किल्ल्या निर्जंतुक कराव्यात, असेही सांगितले होते. कार्यालयात एक-दोन रुग्ण आढळल्यास संपूर्ण इमारत बंद करण्याची गरज नव्हती. रुग्ण मागील 48 तासांत जेथे वावरला ती जागा निर्जंतुक करणे पुरेसे होते.

परराज्यातून परतताना

पुणे, कोल्हापूर आणि बेळगावकडून येणारा महामार्ग तुमकूरमार्गे पीण्याजवळून बेंगळुरूत शिरतो. या भागातील मराठी कुटुंबांचे गावी जाणे-येणे याच रस्त्याने होते. मे 2020 मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यांस 7 दिवस संस्थात्मक आणि त्यानंतर 7 दिवस गृह अलगीकरण लागू झाले. ऑगस्टच्या अखेरीस लक्षणे नसलेल्या प्रवाशांवरील ही बंधने उठली. फेब्रुवारी 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांस 72 तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल आवश्यक झाला. एका वर्षाच्या आत नियम वारंवार बदलला. म्हणून निघण्याच्या दिवशी लागू असलेला आदेश पाहावा. शेजाऱ्याच्या मागील महिन्यातील अनुभवावर विसंबू नये.

वेतन आणि रजा

अलगीकरण यशस्वी होणे खरे बोलण्यावर अवलंबून असते, आणि खरे बोलणे पुष्कळदा वेतनावर. चौदा दिवसांची मजुरी बुडणार असेल, तर ताप लपविला जातो आणि संपर्क सांगितला जात नाही. मग नियम कागदावर राहतो व संसर्ग घरोघरी पोहोचतो.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जून 2021 मध्ये असे ठरविले, की बाधिताच्या थेट संपर्कामुळे गृह अलगीकरणात राहिल्यास 7 दिवस कामावर असल्याचे मानले जातील. आणि आई-वडील किंवा अवलंबून असलेली व्यक्ती बाधित झाल्यास 15 दिवसांची विशेष नैमित्तिक रजा मिळेल. नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या आस्थापनेचे आदेश लागू होतात. म्हणून कायम, कंत्राटी आणि रोजंदारी अशा प्रत्येकाने पुढील गोष्टी कराव्यात :

• संपर्क झाल्याचे त्याच दिवशी लेखी किंवा भ्रमणध्वनी-संदेशाने कळवावे.
• अलगीकरणाच्या आदेशाची व चाचणी-अहवालाची प्रत घरी जपून ठेवावी.
• हे दिवस हजेरीपत्रकात कसे नोंदले, हे कंत्राटदारास आणि पर्यवेक्षकास विचारावे.

घरात काय करावे?

हवेशीर स्वतंत्र खोली द्यावी. देखभाल घरातील एकाच निरोगी व्यक्तीने करावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले, तसेच मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या खोलीत जाऊ नये. भांडी, टॉवेल व अंथरूण वेगळे ठेवावे. पीण्याच्या कामगार वस्त्यांत एका खोलीतील संसार पुष्कळ आहेत. तेथे गृह अलगीकरणाचा आग्रह न धरता संस्थात्मक सोय मागावी. ती मागण्यात कमीपणा नाही.

शेजाऱ्यांनी अशा घराकडे पाठ फिरवू नये. दूध, भाजी, औषध दाराशी ठेवावे आणि दुरून विचारपूस करावी. सक्षम अधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज कोविड रुग्णांच्या दारावर फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2020 मध्ये सांगितले होते.

दवाखान्यात केव्हा जावे?

श्वास लागणे, छातीत सतत दुखणे, गोंधळल्यासारखे होणे, किंवा बोटावरील मापकात प्राणवायूची पातळी 94 टक्क्यांच्या खाली जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुदत संपण्याची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि कर्नाटकात आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104 हे क्रमांक आहेत. दवाखान्यात पोहोचताच आपले काम, मागील 14 दिवसांतील प्रवास आणि झालेला संपर्क परिचारिकेस प्रथम सांगावा, म्हणजे प्रतीक्षागृहातील इतरांचेही रक्षण होईल.

जो कर्मचारी संपर्क उघड सांगून घरी थांबतो, तो त्या दिवसांतही लोकांची सेवाच करीत असतो. त्याच्या वेतनाची हमी कार्यालयाने द्यावी, त्याच्या जेवणाची काळजी घराने घ्यावी आणि त्याचा मान वस्तीने राखावा.