चंदीगड आणि भोवतालचे डोंगर : खिशातला कॅमेरा निवडताना

भटकंतीसाठी खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घ्यायचा म्हटले की दोन घराण्यांतून निवड करावी लागते. एका घराण्यात मोठा सेन्सर आणि लांब झूम असतो, पण पाण्याचा थेंब सोसत नाही. दुसऱ्यात पाणी, धूळ, आपटणे असे सगळे सोसण्याची ताकद असते, पण सेन्सर लहान असतो. पहिल्याचा चांगला नमुना म्हणजे सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आणि दुसऱ्याचा ऑलिम्पसचा टफ टीजी-६. दोन्ही २०१९ साली बाजारात आले. १ जानेवारी २०२१ रोजी ऑलिम्पसचा कॅमेरा व्यवसाय ओएम डिजिटल सोल्युशन्स या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये टीजी-७ आला. त्याचे भिंग आणि सेन्सर जवळपास तेच असल्याने पुढचे विवेचन बहुतांशी त्यालाही लागू पडते.

वजनात फारसा फरक नाही. बॅटरी आणि कार्डासह सोनी ३०२ ग्रॅम भरतो, टीजी-६ २५३ ग्रॅम. खरा फरक सेन्सरच्या आकारात आहे. सोनीचा सेन्सर सुमारे १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, तर टीजीचा साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. म्हणजे प्रकाश गोळा करणारे क्षेत्रफळ सोनीकडे चौपट आहे. छायाचित्रणाच्या हिशेबात चौपट म्हणजे दोन स्टॉप. हा आकडा ऐकून अनेक जण तिथेच निर्णय घेऊन टाकतात, पण हिशेब अर्धाच झालेला असतो. टीजीचे भिंग सर्वांत रुंद कोनाला एफ/२ पर्यंत उघडते, सोनीचे एफ/२.८ पर्यंतच. त्यामुळे रुंद कोनाला टीजी एक स्टॉप परत मिळवतो आणि प्रत्यक्ष फरक एकाच स्टॉपचा उरतो. झूम पूर्ण ताणल्यावर मात्र सोनी एफ/४.५ वर आणि टीजी एफ/४.९ वर असतो. तिथे भिंगे जवळजवळ बरोबरीत येतात आणि सेन्सरचा दोन स्टॉपचा फरक पुरता जाणवतो. शिवाय सोनीचा झूम २४ ते २०० मिलिमीटर, टीजीचा २५ ते १०० (दोन्ही आकडे ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात). सारांश असा की रुंद निसर्गचित्रे भर दिवसा टिपणाऱ्याला दोघांत फार फरक दिसणार नाही. संध्याकाळी दूरचे काही जवळ आणू पाहणाऱ्याला मात्र तो लगेच दिसेल.

मेगापिक्सेलचा मुद्दा लवकर आटोपता येतो. टीजीचे १२ मेगापिक्सेल म्हणजे ४,००० बाय ३,००० ठिपके. त्यातून सुमारे ४० बाय ३० सेंटिमीटरची छपाई सुबक निघते. सोनीचे २० मेगापिक्सेल लागतात ते मुख्यतः चित्राचा कोपरा कापून मोठा करताना.

आता प्रश्न येतो हे कॅमेरे फिरणार कुठे याचा, आणि चंदीगडचे उत्तर पुण्या-मुंबईच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे. सह्याद्रीत भटकंतीचा हंगाम म्हणजेच पावसाळा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ट्रेकर नेमका त्याच दिवसांत घाटमाथ्यावर असतो. चंदीगडला वर्षाचा पाऊस साधारण ११०० मिलिमीटर, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यांत हिमाचलच्या वाटांवर दरडी कोसळतात, ओढ्यांना अचानक लोंढे येतात आणि जाणते भटके मोठे बेत पुढे ढकलतात. चालण्याचे खरे दिवस ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे बहुतांशी कोरडे. म्हणून सह्याद्रीतल्या माणसाला निःसंकोच टीजी सुचवावा, तर चंदीगडला बदलीवर, शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त राहणाऱ्या भटक्याने आधी सोनीचा विचार करावा. या सल्ल्याला अपवाद आहेत आणि ते मोलाचे आहेत. ते पुढे जागोजागी येतील.

शहरापासून सुरुवात करू. ल कॉर्बूझिए यांच्या आराखड्यातला कॅपिटॉल परिसर २०१६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सचिवालयाची इमारत २५४ मीटर लांब आहे आणि खुल्या हाताचे शिल्प २६ मीटर उंच. दोन्हींसाठी रुंद कोन लागतो आणि तो दोन्ही कॅमेऱ्यांत आहे. अडचण येते ती उन्हाची. इथल्या इमारतींचे सारे सौंदर्य ऊन अडवणाऱ्या काँक्रीटच्या खोल कोनाड्यांत आहे. बाहेर पांढरे लख्ख ऊन आणि आत गडद सावली अशा दृश्यात लहान सेन्सर एक बाजू हमखास गमावतो. उच्च न्यायालयाच्या दर्शनी भागातले हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन प्रचंड खांब सावलीत असतात. त्यांचा रंग राखून मागचे आकाशही जपायचे असेल तर सोनीने रॉ स्वरूपात चित्र घ्यावे आणि घरी सावल्या उजळाव्यात. रॉची सोय टीजीतही आहे, पण उजळलेल्या सावलीत दाणे फार लवकर वर येतात. परिसरात पर्यटन विभागाच्या मार्गदर्शकासह, ओळखपत्र दाखवूनच जाता येते आणि कुठे चित्र काढायचे, कुठे नाही हे मार्गदर्शक सांगतो. सुरक्षेचा भाग असल्याने त्याचे ऐकावेच.

रॉक गार्डनमध्ये पारडे उलट फिरते. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेले नेकचंद १९५७ पासून टाकाऊ वस्तूंतून ही बाग गुपचूप घडवत होते. १९७६ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेचे टाकाऊ सॉकेट यांतून उभ्या केलेल्या मूर्ती जवळून पाहाव्यात अशा आहेत. टीजी भिंगापासून अवघ्या १ सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. बांगडीच्या काचेतला बुडबुडाही त्यात चौकट भरून येतो. सोनीला रुंद कोनाला सुमारे ८ सेंटिमीटर अंतर लागते आणि झूम ताणला की तब्बल १ मीटर. फुले, किडे, शेवाळ, दगडाचा पोत यांत मन रमणाऱ्या माणसाने एवढ्या एका कारणासाठी टीजी घेतला तरी त्याचा निर्णय चुकीचा ठरणार नाही. धबधब्याजवळच्या तुषारांचीही टीजीला फिकीर नसते.

सुखना तलाव १९५८ मध्ये सुखना चो हा हंगामी ओढा अडवून बांधला गेला. हिवाळ्यात इथे स्थलांतरित बदके उतरतात आणि पहाटे मागे कसौलीकडचे डोंगर दिसतात. डोंगरांची रांग २०० मिलिमीटरवर छान दाटून येते, १०० वर ती दूरच राहते. पक्ष्यांबाबत मात्र स्पष्ट सांगायला हवे की दोन्ही कॅमेरे अपुरे आहेत. सोनीत बदक टीजीच्या दुप्पट मोठे दिसेल, तरी चौकटीत ते ठिपकाच असेल. पक्षी हाच मुख्य छंद असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवून निकॉन पी९५० सारखा २,००० मिलिमीटरपर्यंत झूम असलेला कॅमेरा पाहावा. त्याचे वजन सुमारे एक किलो आहे हे ध्यानात ठेवून. उडणारा बगळा किंवा पळणारे माकड टिपण्यात सोनी सरस आहे. तो सेकंदाला २० चित्रे घेतो आणि चौकटीत हलणाऱ्या प्राण्याचा पाठलाग करतो. सोनीच्या कोपऱ्यातून वर उसळणारा दृश्यदर्शक हीही तलावाकाठी मोठी सोय आहे. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हात मागचा पडदा धड दिसत नाही आणि टीजीकडे दृश्यदर्शक नाहीच.

डिसेंबर-जानेवारीतले दाट धुके हा चंदीगडचा खास प्रकाश. धुक्यात कोणताही कॅमेरा फोकससाठी चाचपडतो. अशा वेळी धूसर पार्श्वभूमीवर नेम न धरता झाडाच्या बुंध्याची कड किंवा होडीचा काठ धरावा. धुके आणि बर्फ दोन्ही कॅमेऱ्याच्या मापकाला फसवतात आणि चित्र करडे येते. एक्सपोजर एक स्टॉप वाढवले की पांढरे पांढरे दिसते.

शहराबाहेर सर्वांत जवळचे रान म्हणजे पंचकुला जिल्ह्यातले मोरनी. टिक्कर ताल आणि १,४६७ मीटर उंचीचा करोह हा हरियाणातला सर्वोच्च माथा याच भागात आहे. शिवालिकचा दगड भुसभुशीत आहे. वाटांवर आणि कोरड्या ओढ्यांच्या पात्रांत बारीक वाळू असते. सोनीचे भिंग चालू करताच नळ्या-नळ्यांनी बाहेर येते आणि त्या फटींत एक कण शिरला तरी भिंग अडकू शकते. टीजीचे भिंग सपाट काचेमागे आतल्या आतच सरकते, त्यामुळे हा धोका उरत नाही. सोनी घेऊन जाणाऱ्याने तो चेन असलेल्या छोट्या पिशवीत ठेवावा. कॅमेरा चालू ठेवून छातीवर लटकावत चालणे ही या कॅमेऱ्याच्या जिवावर उठणारी सवय आहे.

कालका-शिमला रेल्वेचा प्रवासही याच भटकंतीत मोडतो. १९०३ मध्ये सुरू झालेली ही ९६ किलोमीटरची अरुंद वाट २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वळणावर पुढचे डबे आणि कमानींचे पूल टिपताना गाडीच्या हादऱ्यांमुळे शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका ठेवावा. सोनीत तो स्वतः ठरवता येतो. टीजी-६ मध्ये शटरचा वेग हाताने ठरवण्याची सोय नाही, म्हणून आयएसओ वाढवून काम भागवावे लागते. कसौलीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. तिथला मंकी पॉइंट हवाई दलाच्या हद्दीत आहे आणि आत कॅमेरा किंवा मोबाइल नेऊ देत नाहीत.

चूडधार हे ३,६४७ मीटर उंचीचे शिखर चंदीगडच्या ट्रेकरचे आवडते ठिकाण. नौहराधारहून चढणारी वाट लांब आहे आणि वसंतापर्यंत वर बर्फ असते. इथे दोन्ही यंत्रांची कसोटी लागते. कंपनीच्या माहितीनुसार टीजी उणे १० अंशांपर्यंत चालतो, सोनीची मर्यादा शून्य अंशाची आहे. शून्याखाली सोनी लगेच बंद पडतो असे नाही, पण बॅटरी झपाट्याने उतरते. मुळात सोनीची एक बॅटरी सुमारे २६० चित्रांची, टीजी-६ ची सुमारे ३४० ची. सोनीवाल्याने दोन जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात. हातमोजे घातलेल्या बोटांना सोनीची बटणे फार लहान पडतात. थंडीतून उबदार खोलीत शिरताना कॅमेरा आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि तासाभराने उघडावा, म्हणजे दव पिशवीवर जमते, भिंगावर जमत नाही. टीजीलाही हा नियम आहे. दमट उबेत त्याचे झाकण उघडून बॅटरी बदलली आणि लगेच बर्फात गेले, तर आत कोंडलेली वाफ काचेमागे धुके धरते. टीजीत जीपीएस, होकायंत्र आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक आहे. हवामान बदलले की ही उंची चुकते, म्हणून ज्ञात उंचीच्या ठिकाणी ती जुळवून घ्यावी. रात्रीच्या ताऱ्यांसाठी सोनीत ३० सेकंदांचे एक्सपोजर मिळते. टीजीत तारकांच्या रेषा थरावर थर जोडून दाखवण्याची वेगळी सोय आहे. दोन्हींना छोटी तिपाई हवी.

मोबाइलशी तुलना टाळता येत नाही. आजच्या महागड्या मोबाइलचे मुख्य सेन्सर टीजीच्या सेन्सरपेक्षा मोठे असतात आणि दिवसाउजेडी रुंद चित्र ते टीजीइतके किंवा त्याहून चांगले काढतात. म्हणून असा मोबाइल असलेल्याने टीजी घ्यावा तो पाणी, आपटणे आणि अतिजवळचे छायाचित्रण यांसाठी, आणि सोनी घ्यावा तो लांब झूम, दृश्यदर्शक आणि हलत्या विषयावरच्या पकडीसाठी. या कारणांपैकी एकही लागू नसेल तर पैसे चांगल्या बुटांवर खर्च करणे योग्य.

मे-जूनमध्ये चंदीगडचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दोन्ही कॅमेऱ्यांची वरची मर्यादा ४० अंशच आहे. उन्हात उभ्या मोटारीत कोणताही कॅमेरा ठेवू नये.

खरेदी सेक्टर १७ मध्ये केली किंवा सेक्टर २२ मध्ये, दुकानात काही तपासण्या कराव्यात. सोनीचा झूम पाच-सहा वेळा पूर्ण मागेपुढे करून आवाज ऐकावा, दृश्यदर्शक वर-खाली करून पाहावा. वापरलेला टीजी घेताना बॅटरी आणि तारेच्या कप्प्यांची झाकणे उघडून आतली रबरी कड नखाने चाचपावी. ती कडक झाली असेल, चिरली असेल किंवा तिच्यावर केस, वाळूचा कण असेल तर १५ मीटर खोल पाण्यात टिकण्याचा दावा निकामी ठरतो. निर्माते ही कड वर्षातून एकदा बदलायला सांगतात, तेव्हा आधीच्या मालकाने ती बदलली का हे पावतीसह विचारावे. २.१ मीटरवरून पडणे सोसण्याची हमीही नव्या, न पिचलेल्या कॅमेऱ्याची असते. टीजी-६ आणि टीजी-७ यांत निवड असेल तर टीजी-७ ला यूएसबी-सी तार लागते आणि मोबाइलच्याच तारेवर, पॉवर बँकेवर तो भरता येतो. टीजी-६ आणि सोनीचे मूळ मॉडेल जुन्या मायक्रो-यूएसबीवर चालतात. किमतीतला फरक थोडा असेल तर टीजी-७ घ्यावा, मोठा असेल तर टीजी-६ घेऊन उरलेल्या पैशांत एक जादा बॅटरी आणि नवी रबरी कड घ्यावी.