पायाच्या नखाची बुरशी : घरचा उपाय कुठवर आणि औषध कुठून?

पावसाळा ओसरू लागला की माझ्या दवाखान्यात पायांची तक्रार घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. मानसरोवर स्टेशनवरून डबकी तुडवत घरी येणारे नोकरदार, बारा बारा तास गमबूट घालून उभे राहणारे सोसायट्यांचे रखवालदार, दिवसभर ओल्या फरशीवर काम करणाऱ्या बायका, असे सगळे त्यात असतात. बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या ते लगेच दाखवतात. नख मात्र कोणी दाखवत नाही. "ते जुनंच आहे हो डॉक्टर," असे म्हणून पाय मागे ओढून घेतात.

काही वर्षांपूर्वी असेच एक आजोबा आले होते. सिडकोची वसाहत उभी राहण्यापूर्वीपासून कामोठ्यात राहणारे, जन्मभर भातशेती केलेले. मधुमेह बारा वर्षांचा. उजव्या अंगठ्याचे नख पिवळे, जाड आणि खालून भुसा भरल्यासारखे झाले होते. वहाण घालताना ते अडकू लागले, म्हणून आजींनी बिब्बा तापवून त्याचे तेल नखाच्या कडेला लावले. तीन दिवसांनी अंगठा फोडांनी भरला आणि सहाव्या दिवशी कातडी काळी पडली. आजोबा म्हणाले, "दुखत नाय, म्हणून आलो नाय." मधुमेहाने पायाची जाणीव गेली होती, त्यामुळे दुखले नाही. अंगठा राहतो की जातो, अशी वेळ आली होती. त्या अंगठ्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी हा आजार समजून घेऊ.

आजार काय आहे?

नख केरॅटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे बनलेले असते. नायटा, गजकर्ण ज्या जातीच्या बुरशीमुळे होते, तीच बुरशी हे केरॅटिन खाऊन जगते. बहुतेक वेळा ती आधी बोटांच्या बेचक्यांत किंवा तळव्यावर असते. तेथून नखाच्या टोकाखाली किंवा कडेखाली शिरते आणि मुळाच्या दिशेने सरकत जाते. नख आधी पांढरट किंवा पिवळे होते, मग जाड होते, खालच्या मांसापासून सुटते आणि चुरा होऊन पडते. वाढते वय, मधुमेह, पायाचा कमी रक्तपुरवठा, नखाला वारंवार लागणारा मार आणि सतत ओले राहणारे बूट या गोष्टी बुरशीला वाट करून देतात.

पायाचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे संपूर्ण नख नवे यायला बारा ते अठरा महिने लागतात. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पंधरा दिवसांत नख स्वच्छ करून देतो असे सांगणाऱ्यावर विश्वास का ठेवू नये, ते यावरून कळेल.

प्रत्येक जाड नख बुरशीचे नसते

दिसायला खराब असलेल्या नखांपैकी जवळजवळ निम्म्याच नखांत बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट किंवा नुसते वय हे कारण असते. यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका शिक्षिकाबाईंना मी तपासणी न करता दोन महिने बुरशीच्या गोळ्या दिल्या. नखात काही फरक पडला नाही. मग एके दिवशी त्यांच्या कोपरावरचे खवले माझ्या नजरेस पडले. तो सोरायसिस होता. गोळ्या आणि पैसे दोन्ही वाया गेले, आणि दोष माझाच होता.

तेव्हापासून मी आधी नखाचा नमुना तपासायला पाठवतो. नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याला फार वेळ लागत नाही. बुरशी वाढवून तिची जात ओळखायची असेल तर तीन-चार आठवडे लागतात. एका तपासणीत बुरशी दिसली नाही म्हणून ती नाहीच असे ठरत नाही, कधी कधी नमुना पुन्हा द्यावा लागतो. कामोठ्यात एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तेथील त्वचारोग विभागात नख दाखवता येते. नमुना देण्यापूर्वी काही आठवडे नखाला कोणतेही औषध लावू नये.

एक इशारा. नखात काळी किंवा तपकिरी उभी रेघ दिसली, ती रुंद होऊ लागली किंवा तिचा रंग नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला, तर घरी काहीही न लावता लगेच डॉक्टरांना दाखवावे. क्वचित तो कर्करोग असतो.

घरगुती उपायांचा हिशेब

हळद, कडुलिंब, लसूण आणि मेंदी यांत बुरशीला रोखणारे गुण आहेत. प्रयोगशाळेतल्या बशीत ते दिसतातही. पण बशीतली बुरशी उघडी असते आणि आपली बुरशी जाड नखाखाली लपलेली असते. वरून लावलेला लेप तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच चिखल्यांवर मेंदी लावून आराम पडल्याचे पुष्कळ लोक सांगतात, नखाला मात्र तिचा नुसता रंग चढतो. काळी मेंदी तर लावूच नये. तिच्यात मिसळलेल्या रसायनाने कातडी भाजल्यासारखी होते.

व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने नख बरे होते याला पक्का पुरावा नाही. पाणी जास्त आंबट झाले तर कातडी मात्र सोलते. टी ट्री तेलाची एक चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. ११७ रुग्णांनी सहा महिने ते तेल किंवा क्लोट्रिमॅझोल लावले. तपासणीत बुरशी गेलेली आढळली ती तेलाच्या गटात सुमारे १८ टक्के आणि मलमाच्या गटात ११ टक्के लोकांत. म्हणजे तेल मलमापेक्षा वाईट नव्हते, पण दोन्ही तोकडेच पडले. सर्दीचा बाम नखाला रोज लावण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला, त्याचा अहवाल २०११ साली आला. १८ जणांपैकी पाच जण ४८ आठवड्यांत पूर्ण बरे झाले. प्रयोग फार लहान होता. तरीही ज्यांना मधुमेह नाही, कातडी फाटलेली नाही आणि वर्षभर रोज लावण्याची चिकाटी आहे, त्यांनी बाम लावून पाहिल्यास माझी हरकत नाही.

मग हरकत कशाला आहे? बिब्बा, रुईचा चीक, चुना, रॉकेल आणि बॅटरीचे पाणी. यांनी बुरशी मरत नाही, कातडी जळते. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की पुढच्या वेळी थोड्याशा तेलानेही अंग उठते. ब्लेडने नख खोलवर कोरणे हाही त्यातलाच प्रकार.

आणखी एक मलम घरोघरी असते. "खाज, बुरशी, जंतू, सगळ्यावर एकच" म्हणून दुकानातून आणलेले. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याच कारणाने.

औषध केव्हा आणि कोणते?

बुरशी एक-दोन नखांच्या टोकाला असेल, निम्म्याहून कमी नख बिघडले असेल आणि मूळ चांगले असेल, तर लावायचे औषध पुरते. अमोरोल्फिनचे नेलपॉलिशसारखे औषध आठवड्यातून एक-दोनदा, किंवा सायक्लोपिरॉक्स रोज. नख आधी घासून पातळ करावे लागते आणि औषध नऊ महिने ते वर्षभर लावावे लागते. फार जाड नख ४० टक्के युरियाच्या मलमाने मऊ करता येते.

बुरशी मुळापर्यंत गेली असेल तर पोटातून औषध हवे. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, बारा आठवडे देतात. इट्राकोनॅझोल महिन्यातून एक आठवडा, असे तीन महिने देता येते. मी शिकत होतो तेव्हा ग्रिसिओफुल्विन वर्ष वर्ष द्यावे लागे आणि तरी पायाचे नख हटून बसे. त्या मानाने आज परिस्थिती बरी आहे. टर्बिनाफिनने साधारण चारपैकी तिघांची बुरशी जाते. नख अगदी पूर्वीसारखे दिसणे मात्र त्याहून कमी जणांच्या वाट्याला येते.

गोळ्या संपतात त्या दिवशी नख वाईटच दिसते, हे आधीच माहीत असावे. औषध नखात पुढे कित्येक महिने टिकून राहते आणि चांगले नख मुळाकडून पुढे येते. माझे रुग्ण येथेच धीर सोडतात.

या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. टर्बिनाफिन सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी करावी. घेताना भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा तोंडाची चव गेली तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे यावे. हृदय कमजोर असलेल्यांनी इट्राकोनॅझोल घेऊ नये. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचे जमत नाही. गरोदर स्त्रियांनी नखासाठी पोटातले औषध घेऊ नये, बाळंतपण व अंगावरचे पाजणे होईपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही.

मधुमेह असणाऱ्यांसाठी

इतरांसाठी हे नख दिसण्यापुरते वाईट असते. मधुमेही माणसाच्या बाबतीत जाड नख शेजारच्या बोटाला टोचते, बारीक जखम होते, ती कळत नाही, आणि जंतू आत शिरतात. म्हणून रोज रात्री पाय उजेडात पाहावेत, तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. कढत पाण्यात पाय बुडवू नयेत. नख स्वतः कोरू नये.

पुन्हा होऊ नये म्हणून

बाहेरून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे करावेत. मोजे रोज बदलावेत. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे एक वाळतो. गमबूट घालणाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत पाय उघडे ठेवावेत. चिखल्यांवर वेळीच औषध करावे. नेलकटर ज्याचा त्याचा असावा. घरात कोणाला नायटा असेल तर त्याच्यावरही उपचार करावा, नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून फुटलेल्या पायांनी चालू नये. त्यात लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो.

आता आजोबांची हकीकत. त्यांना रुग्णालयात पाठवले, मेलेली कातडी काढली, इन्सुलिन सुरू झाले. जखम भरायला अडीच महिने लागले, पण अंगठा राहिला. त्यानंतर नख तपासले, बुरशी निघाली. यकृत तपासून बारा आठवडे गोळ्या दिल्या. दर महिन्याला चांगल्या नखाची कड किती पुढे आली ते मी पट्टीने मोजून दाखवी आणि आजोबा नातवाला वहीत मांडायला लावीत. चौदाव्या महिन्यात नख टोकापर्यंत पोहोचले.

आजींच्या घरात बिब्बे अजून आहेत. पण आता त्या फक्त गोडंबी काढतात, आणि आजोबांचे पाय रोज रात्री उजेडात पाहतात.